वृद्धांचे शुश्रूषा केंद्र कसे पारखावे?

गेली काही वर्षे दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर विचारला जाऊ लागला आहे. पूर्वी तो कुणी विचारत नसे, आणि विचारलाच तर दार लोटून, आवाज खाली आणून. आता नंबर लावून आलेला माणूस सरळ विचारतो, "डॉक्टर, वडिलांना ठेवायला एखादं चांगलं केंद्र आहे का हो तुमच्या पाहण्यात?"

वडिलांना अर्धांगवायू झालेला असतो. थोरला पुण्याकडे कंपनीत, त्याची बायको नोकरीला, धाकटा आखातात, मुलगी सासरी. गावच्या घरात राहिली आई, आणि तिचेच गुडघे गेलेले. सत्तर किलोच्या नवऱ्याला ती दर दोन तासांनी कुशीवर कशी वळवणार? घरी बाई ठेवावी तर ती महिनाभर टिकत नाही. मग केंद्राचा विचार येतो, आणि त्याच्या पाठोपाठ "लोक काय म्हणतील?" हा प्रश्नही येतो. त्यावर माझे उत्तर ठरलेले आहे: लोक रात्री दोन वाजता लंगोट बदलायला येणार नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा हे कौशल्याचे आणि ताकदीचे काम आहे. ते घरी होत नसेल तर दुसरीकडे करून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र ते तिथे खरोखर होते की नाही, हे पाहणे ही घरच्यांची जबाबदारी उरतेच. आजचा लेख त्या पाहण्याविषयी आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचा किंवा अपेंडिक्सचा छोटा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. पाश्चात्त्य देशांत त्याच नावाने ओळखली जाते ती परावलंबी वृद्धांना दीर्घकाळ सांभाळणारी जागा. आपल्याकडे अशा जागांवर 'शुश्रूषा केंद्र', 'केअर सेंटर', 'वात्सल्य' किंवा 'सावली' असल्या पाट्या असतात. वृद्धाश्रम वेगळा. हिंडत्याफिरत्या, स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या म्हाताऱ्यांची तिथे राहण्याजेवणाची सोय असते. अर्धांगवायूचा रुग्ण, लघवीची नळी असलेला, किंवा स्मृतिभ्रंशामुळे घर ओळखू न शकणारा माणूस वृद्धाश्रमात नेऊन ठेवला, की त्याचे हाल सुरू होतात. त्यात आश्रमवाल्यांचा दोष नसतो. ते काम त्यांचे नव्हेच.

बरे, केंद्र पाहायला आपण जातो तेव्हा काय पाहतो? फरशी, भिंतींचा रंग, पुढची बाग, गणपतीचे छोटे देऊळ, दूरदर्शन संच, भिंतीवरचे कॅमेरे. कार्यालयात चहा मिळतो, छापील पत्रक मिळते, आणि "आम्ही घरच्यासारखं सांभाळतो" हे वाक्य मिळते. आपण समाधानाने परत येतो.

अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरने १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा यावर एक निबंध लिहिला. जन्म बैरूतचा, हयात अमेरिकेत गेली. त्याने सांगितले की तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात: साधने काय आहेत, काम कसे चालते आणि परिणाम काय होतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर इमारत कशी आहे, मास्तर शिकवतात का, आणि पोराला पाढे येतात का. आपली फसगत होते ती इथेच. आपण इमारत पाहतो आणि पाढे येत असतील असे गृहीत धरतो.

माझ्या गावच्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. दोन पिढ्या त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखतात. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण वयामुळे त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मुलाने मोठ्या शहराजवळच्या एका केंद्रात ठेवले. केंद्र देखणे होते, महिन्याचा आकडाही तसाच. रोज संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर फोटो यायचा: बाईंचे केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, अंगावर स्वच्छ चादर, कधी हातात फूल. सात आठवड्यांनी बाईंना ताप आला आणि त्या घरी आल्या. मी तपासायला गेलो, त्यांना कुशीवर वळवले. माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढी जखम होती आणि तळाशी हाड दिसत होते. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. एकूण एकूणपन्नास फोटो त्याच्याकडे होते आणि एकाही फोटोत पाठ नव्हती. ती जखम भरायला पुढे पाच महिने लागले.

म्हणून मी म्हणतो, केंद्राची परीक्षा रुग्णाच्या पाठीवर घ्यावी, आणि तीही तिथल्या सर्वांत असहाय रुग्णाच्या. जो बोलतो, तक्रार करतो, घंटी वाजवतो, त्याच्याकडे कुणीतरी येतेच. ज्याला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, त्याला कसे ठेवले आहे यावर केंद्राची खरी लायकी कळते.

अंथरुणातले व्रण, म्हणजे बेडसोअर, का होतात हे थोडे समजून घ्या. आपण झोपेतही नकळत कूस बदलत असतो. ज्याला ते जमत नाही त्याच्या अंगाचा भार एकाच जागी, हाडाच्या टोकावर पडतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ती मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची जागा, ही ठिकाणे ठरलेली. त्यात लघवीचा ओलावा, कमी झालेले मांस आणि मधुमेह यांची भर पडली की जखम झपाट्याने वाढते. पहिली खूण म्हणजे लाली. बोटाने काही क्षण दाबून सोडा. निरोगी कातडी आधी पांढुरकी होते आणि मग पुन्हा रंग धरते. दाबूनही लाली तशीच राहिली तर ती धोक्याची घंटा समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही; तिथे हाताला जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते. हे पाहायला डॉक्टर लागत नाही, लेकीला किंवा सुनेलाही ते सहज जमते.

धोका किती, हे मोजण्याचे एक जुने आणि सोपे माप आहे. डोरीन नॉर्टन या इंग्लंडमधील परिचारिकेने १९६२ साली ते मांडले. पाच गोष्टी पाहायच्या: सर्वसाधारण प्रकृती, मनाची जाग, चालणे, अंथरुणात हालचाल आणि लघवी-संडासवरचा ताबा. प्रत्येकाला १ ते ४ गुण, उत्तम असेल तर ४. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर व्रणाचा धोका आहे असे समजायचे. बाईंचे गुण मी काढले तेव्हा ते ९ भरले. केंद्रात पहिल्या दिवशीच असा काही हिशेब करतात का, असे विचारून पाहा. समोरच्याला नॉर्टनचे नाव माहीत नसले तरी चालेल. पण "हिच्या पाठीला धोका आहे, हिला दर दोन तासांनी वळवायचं" एवढे त्याच्या तोंडून स्वतःहून यायला हवे.

"आमच्याकडे एअरबेड आहे हो," असे उत्तर नेहमी मिळते. हवेची गादी चांगलीच, पण ती वळवण्याची जागा घेत नाही. अनेक ठिकाणी तिचा पंप बंद असतो किंवा ती चपटी झालेली असते. हात गादीखाली घालून पाहा. रुग्णाचे माकडहाड गादीतून तुमच्या तळहाताला सरळ टोचत असेल तर त्या गादीत हवा नाही.

आता थोडे गणित. एका परावलंबी रुग्णाला नीट वळवून, लंगोट पाहून, कोरडे करून, उशा लावायला दोन माणसांना साधारण दहा मिनिटे लागतात असे धरा. दोन माणसे अशासाठी की एकट्याने वळवायला गेले की रुग्ण ओढला जातो, आणि त्या ओढण्यानेच कातडी सोलते. दोन तासांत मिनिटे किती? १२०. म्हणजे एक जोडी न थांबता राबली तर बारा रुग्णांना वळवू शकते. पाणी देणे, नळीची पिशवी रिकामी करणे, कुणी हाक मारली तर धावणे हे त्यात धरलेलेच नाही. तेव्हा कार्यालयात "तुमच्याकडे स्टाफ किती?" असे विचारू नका. "रात्री बारा ते सहा जागे कोण असते आणि त्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले किती?" असे विचारा. वीस रुग्ण आणि एक मावशी असे उत्तर आले, तर पुढचे पत्रक वाचण्याची गरज नाही. तिथे वळवले जात नाही. वळवणे शक्यच नाही.

मावशींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. या केंद्रांचा सारा डोलारा मावशी आणि मामा यांच्यावर उभा असतो. जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. झालेली परिचारिका एखादी असते, पुष्कळदा तीही फक्त दिवसा. बाकी सारे शिकाऊ. त्यांना तुच्छ लेखू नका, पण त्यांची स्थिती जरूर पाहा. चोवीस तास तिथेच राहून, रुग्णांच्या खोलीतच जमिनीवर सतरंजी टाकून झोपणारी बाई पहाटे तीनला उठून आजोबांना वळवील, ही अपेक्षाच चुकीची. एखादीला बाजूला घेऊन आपुलकीने विचारा, "किती दिवस झाले इथं? सुट्टी मिळते का?" बहुतेक सगळ्या महिना-दोन महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर मालकाकडे माणूस टिकत नाही असा अर्थ. आणि तिला पलंगावरच्या आजींचे नाव विचारा. नाव सांगितले, वर "आजींना वरणाला गूळ लागतो" असेही सांगितले, तर ती जागा निम्मी पास झाली.

कानही उघडे ठेवा. "आजी, कूस बदलूया हं" आणि "ए म्हातारे, सरक" यांतले अंतर फार मोठे आहे. पाहुण्यांसमोर जे बोलले जाते त्यापेक्षा शेजारच्या खोलीतून काय ऐकू येते, ते महत्त्वाचे.

नाकाचाही उपयोग करा. सकाळी लंगोट बदलण्याच्या वेळी थोडा वास येणारच. घरात तान्हे मूल असले तरी येतो. पण दुपारी चारला साऱ्या इमारतीत लघवीचा वास भरून राहिला असेल तर लंगोट दिवसातून एक-दोनदाच बदलले जातात हे नक्की. उलट फिनेल आणि सुगंधी फवाऱ्याचा वास डोक्यात जात असेल तर तुम्ही येणार हे त्यांना माहीत होते असे समजा. म्हणून पहिली भेट कळवून द्या आणि दुसरी न कळवता. शक्यतो दुपारच्या जेवणाच्या वेळी जा.

जेवणाची वेळ मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे फार गोष्टी दिसतात. अर्धांगवायूच्या रुग्णाला गिळायला वेळ लागतो. त्याला बसते करून, हनुवटी थोडी खाली ठेवून, छोटा घास देऊन, तो गिळला याची खात्री करून दुसरा द्यावा लागतो. एका रुग्णाला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. भरवण्याचे आठ रुग्ण आणि मावशी एकच असेल तर दोनच गोष्टी होतात: घास कोंबले जातात, किंवा ताट जसेच्या तसे परत जाते. कोंबलेला घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. घरचे मग म्हणतात, "वय झालं होतं." नाकातून नळी असेल तर अन्न देताना आणि दिल्यावर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी. पलंग सपाट आणि नळीतून पेज चालू, असे दृश्य दिसले तर त्या केंद्रात शिकलेली परिचारिका नाही असे खुशाल समजा.

पोट भरते की नाही याचा पुरावा वजनकाट्यावर मिळतो. महिन्याला वजन घेतात का आणि लिहून ठेवतात का, ते पाहा. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणे ही गंभीर गोष्ट मानतात. पन्नास किलोच्या आजींच्या बाबतीत हे महिन्याला अडीच किलो झाले. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी खुर्चीचा काटा असतो. तो नसेल तर दंडाचा घेर फितीने मोजता येतो. पाणी हा दुसरा मुद्दा. लंगोट बदलण्याचे कष्ट वाचावेत म्हणून पाणीच कमी द्यायचे, ही चाल मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. जीभ कोरडी, लघवी गर्द पिवळी, माणूस सुस्त: हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलेले नसेल तर याचे उत्तर मालकाला विचारायलाच हवे. पाण्याचे भांडे रुग्णाच्या धडधाकट हाताच्या बाजूला आहे की लुळ्या, एवढ्या बारीक गोष्टीवरूनही पुष्कळ कळते. तोंड उघडायला लावून आतही पाहा. कवळीला साचलेली बुरशी आणि कपाटात धूळ खात पडलेला चष्मा किंवा कानाचे यंत्र हे निष्काळजीपणाचे साक्षीदार आहेत.

लघवीच्या नळीबद्दल थोडे. पुरुषांना प्रोस्टेटमुळे किंवा अन्य कारणाने ती कधी लागतेच. पण "सोयीसाठी" म्हणून सरसकट सगळ्यांना नळी घातलेली दिसली तर ती सोय कुणाची, हे विचारा. नळी जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली हवी आणि जमिनीला टेकलेली नको. नळी कधी घातली, कधी बदलली, याची तारीख लिहिलेली हवी.

आता एक नाजूक विषय. तुम्ही एखाद्या केंद्रात शिरलात आणि दुपारी बारा वाजता दहापैकी नऊ जण गाढ झोपलेले दिसले. तुम्हाला वाटेल, किती शांत वातावरण आहे! मला तिथे औषधांची यादी पाहावीशी वाटते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण रात्री फिरतात, ओरडतात, "घरी जायचंय" म्हणून दाराशी जातात. त्यांना सांभाळायला माणूस लागतो, आणि माणूस गोळीपेक्षा महाग पडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली इशारा दिला की मनोविकारांवरची अशी काही नवी औषधे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. मार्क बीअर्स या डॉक्टरने वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची प्रसिद्ध यादी १९९१ साली प्रथम तयार केली, ती मुळात नर्सिंग होममधल्या रुग्णांसाठीच होती. झोपेच्या गोळ्यांनी म्हातारा माणूस पडतो, घास श्वासात जातो, कूस बदलणे थांबते. या गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत असे मी म्हणत नाही. मीही काही वेळा लिहून देतो. पण कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरने, कशासाठी आणि कधीपर्यंत, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. हात पलंगाला बांधणे हाही त्याच जातीचा प्रकार. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधू नये आणि औषधाने गुंगवू नये, हा तिथल्या रहिवाशाचा हक्क आहे असे अमेरिकेने १९८७ साली कायद्यातच लिहिले. आपण निदान "मनगटावर हा वळ कसला?" एवढे तरी विचारावे.

त्याच देशात २००८ पासून सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते. आपल्याकडे तसे काही नाही. पण ताऱ्यांवरही डोळे झाकून विसंबू नये, कारण त्यासाठी लागणारी काही माहिती केंद्रे स्वतःच भरून देत आली आहेत. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची म्हटल्यावर गुण कमी कोण देणार? तेव्हा घरच्या माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही.

मालकाला मी दोन प्रश्न हटकून विचारायला सांगतो. गेल्या सहा महिन्यांत इथे किती जण पडले? आणि आज किती जणांना पाठीवर जखम आहे? "कुणीच पडलं नाही, कुणालाच जखम नाही," असे उत्तर तडकाफडकी आले तर मला शंका येते. वीस म्हातारी माणसे जिथे राहतात तिथे कुणीतरी पडतेच. आमच्या तालुक्यात भाड्याच्या जुन्या वाड्यात एक केंद्र आहे. चालवणारी बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. भिंतींचे पोपडे निघालेले, पुढे बाग नाही. तिला मी हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "तीन पडले, डॉक्टर. एकाचं मनगट मोडलं. रात्री मोरीकडे जाताना पडतात म्हणून आता तिथं दिवा चालूच ठेवते आणि दहा वाजता सगळ्यांना एकदा उठवून नेऊन आणते. जखमा दोघांना आहेत. एकाची रुग्णालयातूनच घेऊन आलेत, दुसऱ्याची आमच्याकडची." प्रत्येक पलंगाला सुतळीने शंभर पानी वही टांगलेली. वळवल्याची वेळ, कोणती कूस, पाणी किती, शौच झाले का, खाली सही. सह्यांची शाई वेगवेगळी, अक्षर वेगवेगळे, कुठे पाण्याचे डाग. साऱ्या दिवसाच्या नोंदी एकाच पेनने एकाच बैठकीत लिहिलेल्या वह्याही मी पाहिल्या आहेत. तो फरक ओळखायला फार हुशारी लागत नाही. माझे काही रुग्ण आज त्या वाड्यात आहेत.

न्यायासाठी हेही सांगायला हवे की प्रत्येक जखम म्हणजे केंद्राचा गुन्हा नव्हे. शेवटच्या आजारात, शरीर मिटत चाललेले असताना, उत्तम काळजी घेऊनही कातडी फुटते. प्रश्न असा असतो की ती कधी दिसली, घरच्यांना त्याच दिवशी कळवले का, आणि डॉक्टरला दाखवले का. बाईंच्या बाबतीत तिन्हींचे उत्तर नकारार्थी होते.

कायद्याचेही थोडे पाहू. आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा केली जाते, ती जागा त्याच्या व्याख्येत येते, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नळ्या, इंजेक्शने, जखमांची मलमपट्टी हे सारे चालणाऱ्या केंद्राने "आम्ही फक्त वृद्धाश्रम" असे म्हणून हात झटकले तर त्यांना या व्याख्येची आठवण करून द्यावी. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. वृद्धांच्या छळाबाबत किंवा हेळसांडीबाबत १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे.

पैशांचे बोलणे सुरुवातीलाच आणि लेखी करावे. महिन्याच्या रकमेत लंगोट, औषधे, व्यायामतज्ज्ञ, डॉक्टरची भेट आणि रुग्णवाहिका यांतले काय येते? रुग्ण मध्येच रुग्णालयात गेला तर त्या दिवसांचे काय? डिपॉझिट परत कधी? आणि रात्री तब्येत बिघडली तर आधी कुणाला फोन, कोणते रुग्णालय, हेही तेव्हाच ठरवावे. वयोवृद्ध रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यायचे की नाही, यावर भावंडांनी आधी आपसांत बोलून घेतलेले बरे. तो वाद रुग्णवाहिकेच्या दारात घालू नये.

केंद्रात ठेवताना सोबत एक कागद द्या. त्यावर औषधांची यादी असेलच, पण खाली हेही लिहा: सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा लागतो, डाव्या कुशीवर झोप येते, ज्ञानेश्वरी कानावर पडली की शांत होतात, उजव्या कानाने ऐकू येत नाही. चांगल्या केंद्रात हे तुम्हाला आधीच विचारतील. पहिला महिनाभर कुणी ना कुणी आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी जावे. परदेशातल्या भावाने पैसे पाठवावेत, पण गावातल्या चुलतभावाला किंवा जुन्या शेजाऱ्याला जाण्यायेण्याचे भाडेही पाठवावे. गेल्यावर दहा मिनिटे हातात हात घेऊन बसा, आणि मग मावशीला म्हणा, "जरा कूस बदलूया का? मी हात लावतो." पाठ, खुबे आणि टाचा तेव्हाच पाहून घ्या. "आत्ताच झोपलेत, नका उठवू" असे एकदा ऐकले तर ठीक. प्रत्येक भेटीत ऐकू आले तर उठवाच. फोटो पाठवतात तिथे आठवड्यातून एकदा माकडहाडाचा आणि दोन्ही टाचांचा फोटो मागा.

रुग्णाला तिथून ताबडतोब हलवावे असे प्रसंग कोणते, हेही विचारले जाते. माझ्या मते न कळवलेली उघडी जखम, अंगावर मारल्याचे किंवा बांधल्याचे वळ, विचारल्यावर न सांगता येणारी गुंगी, आणि भेटू न देणे. मालकाशी भांडत बसू नका. रुग्ण तापलेला किंवा गुंगीत असेल तर त्याला घरी न नेता सरळ रुग्णालयात न्या. जखमेचा तारखेसह फोटो काढा, पलंगाच्या वहीची आणि औषधांच्या कागदांची प्रत त्याच वेळी मागून घ्या, आणि देत नसतील तर नकार कुणी दिला ते लिहून ठेवा. एरवी फक्त जागा बदलायची असेल तर ते सकाळी करा, म्हणजे नव्या केंद्रातली दिवसपाळीची परिचारिका रुग्णाला डोक्यापासून टाचेपर्यंत तुमच्यासमोर पाहून घेईल आणि वहीच्या पहिल्या पानावर तशी नोंद करील.